गांधीबागेतली हिंदी आणि मोहगावातली गोंडी

गांधीबागेच्या कापड बाजारात भाव हिंदीत ठरतो. दुकानदार मारवाडी असो, सिंधी असो की कोष्टी, गिऱ्हाईक भंडाऱ्याचे असो की छिंदवाड्याचे, बोलण्याला सुरुवात 'भैया'नेच होते आणि बिल इंग्रजीत निघते. 2022 च्या कायदादुरुस्तीने पाट्या मराठी केल्या. घासाघीस होती त्याच भाषेत राहिली. मग दर काही महिन्यांनी कोणीतरी लिहितो की हिंदीने नागपूर गिळले. तक्रार खोटी नाही, फक्त ती गोष्ट मध्येच कुठूनतरी सुरू करते.

हे शहर वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, 1702 च्या सुमारास. बाजारापासून चालत जाता येईल तो गांधीसागर म्हणजे गोंड राजवटीतला जुम्मा तलाव. बख्त बुलंदाचा वारस चांद सुलतान 1739 मध्ये वारला, घरात गादीवरून तंटे लागले, आणि ते मिटवायला बोलावलेले रघूजी भोसले इथेच मुक्कामाला राहिले. गोंड राजाला तनखा आणि मान मिळत राहिला, कारभार भोसल्यांचा झाला.

मराठी काही त्यांनी आणली नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी भंडाऱ्याकडे फिरून गेले होते, 'लीळाचरित्र' रिद्धपूरला लिहिले गेले. या मुलखातले शेतकरी मराठी बोलतच होते. भोसल्यांनी आणले ते दफ्तर. महसूल, फडणिशी, न्यायनिवाडा मराठीत, मोडी लिपीत चालू लागला. गोंडी बोलणाऱ्याला आपल्याच राजाने वसवलेल्या शहरात अर्ज करायचा तर दुसऱ्याच्या भाषेत करावा लागला. राजवाड्यातून गोंडी केव्हाच मागे सरली होती, कारण बख्त बुलंद स्वतः औरंगजेबाच्या दरबारातून मुसलमान होऊन आला होता. पण मोडीतले दफ्तर गावागावात पोचले, आणि गोंडी हळूहळू रानाकडे सरकत गेली.

नुसत्या तलवारीने हे होत नाही, याचा पुरावाही भोसल्यांच्याच इतिहासात आहे. त्यांच्या फौजा 1742 ते 1751 या काळात बंगालवर पुन्हा पुन्हा चालून गेल्या. तिथे मराठी उरली नाही. उरला तो अंगाईगीतातला बर्गी, म्हणजे मराठा स्वार, पोरांना भीती घालायला. कटकवर त्यांनी 1751 पासून 1803 पर्यंत, म्हणजे अर्धशतकभर राज्य केले, तरी ओडियाला धक्का लागला नाही. छत्तीसगडात बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन बसले, तिथेही छत्तीसगडी ठाम राहिली. चौथ गोळा करणाऱ्या राज्याला रयतेशी बोलायची फारशी गरज नसते. नागपूरला मात्र कारकून होते, पाटील होते, आणि भोवती मराठी बोलणारी शेती होती.

इंग्रजांनी 1853 मध्ये रघूजी तिसरे निपुत्रिक वारल्यावर राज्य खालसा केले. त्यांनी 1861 मध्ये मध्य प्रांत जोडला, तो भाषा पाहून नव्हे. मराठी नागपूर, हिंदी जबलपूर, छत्तीसगडी रायपूर आणि ओडिया संबळपूर एकाच मुख्य आयुक्ताच्या हाताखाली आले, आणि राजधानी नागपूर. मग 1896 मध्ये या राजधानीच्या हुकमाने संबळपूरच्या कचेऱ्यांतून ओडिया काढून हिंदी बसवली गेली. लोक पेटले, 1903 मध्ये ओडिया परत आली आणि 1905 मध्ये संबळपूर मध्य प्रांतातूनच बाहेर पडले. त्या सात वर्षांत कुणी तिथे लढाई जिंकलेली नव्हती. एका प्रांताला एक सोयीची भाषा हवी होती, एवढेच.

गांधीबागेतली हिंदी याच प्रांताची देणगी. जवळजवळ शंभर वर्षे, 1956 पर्यंत, नागपूर हिंदी मुलखाचेही राजधानीचे शहर होते. 1867 ला रेल्वे आली, 1877 ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, शेजारच्या मोमिनपुऱ्यात उत्तरेकडचे विणकर आले, छत्तीसगडचे मजूर आले. माल जिथून यायचा आणि जिथे जायचा तिथली भाषा बाजाराने धरली. तिच्यावर रागावण्यात मला फार दम दिसत नाही. नागपुरी माणूस 'मी जाऊन राहिलो' म्हणतो तेव्हा मराठीनेही तिच्याकडून पुष्कळ उचललेले असते. (पुण्याच्या पाहुण्यांनी हसावे खुशाल.)

राग यायचाच असेल तर गोंडीची अवस्था पाहून यावा. 2011 च्या जनगणनेत गोंड समाज एक कोटीच्या वर, आणि गोंडी मातृभाषा सांगणारे तीस लाखांच्या आत. ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून नोटीस धाडली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. पहिलीपासूनची हिंदी 2025 च्या जूनमध्ये सरकारला मागे घ्यायला लावली, तेव्हा मुलाला आधी त्याच्या भाषेत शिकू द्या, असे आपण ठासून सांगत होतो. मोहगावकर नेमके तेच म्हणत होते, आणि तिथे दफ्तर आपले होते.

दिल्लीकडे बोट दाखवायची इथे सोय नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची व्यवस्था करावी, असे राज्यघटनेचे कलम 350-अ राज्यालाच सांगते. त्यासाठी आठव्या अनुसूचीची वाट पाहावी लागत नाही. गोंडी शाळांना मान्यता आणि पगारी गोंडी शिक्षक देण्याचे काम मुंबईच्या मंत्रालयातल्या मराठी सहीने होऊ शकते.