अनधिकृत आणि असुरक्षित

इमारत कोसळल्याची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते तेव्हा तिच्यात दोन गोष्टी हमखास आढळतात. इमारत 'पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे' कोसळलेली असते आणि ती 'अनधिकृत' असते. पहिल्या उपमेविषयी फारसे बोलण्यासारखे नाही. ती वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. दुसऱ्या शब्दाविषयी मात्र बोलायला हवे. 'अनधिकृत' हे विशेषण आले की वाचकाला कारण सापडल्यासारखे वाटते आणि तो पान उलटतो. वास्तविक त्या शब्दाने जमिनीच्या आणि परवानगीच्या कागदांविषयी काहीतरी सांगितलेले असते. भिंत का पडली याविषयी काहीच सांगितलेले नसते.

किल्लारीची आठवण येथे अपरिहार्य आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि गावे थकून झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे तशी मध्यमच. तरीही शासकीय आकड्यांनुसार जवळजवळ आठ हजार माणसे गेली. ती ज्या घरांखाली गेली त्यांना कोणी अनधिकृत म्हणू शकले नसते. गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्यांची, आजोबा-पणजोबांनी बांधलेली ती घरे होती. मात्र त्यांतल्या बहुतेकांना अभियंत्याचा हात कधी लागलेला नव्हता.

त्या घरांची रचना समजून घेण्यासारखी आहे. दोन फुटांहून अधिक रुंदीच्या दगडी भिंती. पण ती एक भिंत नसे, दोन असत. बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत दगडाच्या कपच्या आणि चिखल. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा लांब, आरपार जाणारा दगड क्वचितच घातलेला असे. वर लाकडी तुळयांवर माळवद, आणि माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडे. जुनी काढण्याची तसदी सहसा कोणी घेत नसे. उन्हाळ्यात हे घर थंड राही, चोराला भिंत फोडता येत नसे, घराण्याची पत भिंतीच्या रुंदीवरून कळे. जमीन हादरली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटून फुगले आणि ढासळले. अनेक ठिकाणी माळवदाचे लाकडी खांब उभेच राहिले आणि माणसे भिंतींच्या दगडांखाली गेली. कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपडीत राहणारी गरीब कुटुंबे त्या मानाने वाचली. वाड्याने मारले आणि झोपडीने तारले, हे आपल्या नेहमीच्या समजुतीला धरून नाही.

याचे उपायही ठाऊक होते. रुडकीचे प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी अभियंत्याविना उभ्या राहणाऱ्या घरांसाठी नियम बांधण्यात आयुष्य वेचले. दर काही हातांवर एक आरपार दगड, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून सबंध घराभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा, छतावरची माती कमी करणे. यांतले काहीही गावच्या गवंड्याच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. भूकंपानंतर घरांच्या मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रमही झाला. परंतु लोकांच्या मनात दगडाची धास्ती इतकी बसली होती, की पुष्कळांनी मिळालेल्या पैशातून जुन्या भिंतीला हातही न लावता शेजारी विटा-सिमेंटची एक खोली उभी केली. त्यांना दोष कसा द्यावा? पण दगडाच्या जागी सिमेंट आले म्हणजे घर सुरक्षित झाले, ही नवी भाबडी समजूत तेव्हापासून गावोगाव रुजली आणि अजून गेलेली नाही. बेताची सळई आणि अर्धवट पाणी मारलेले काँक्रीट दगडाइतकेच घातक असते. फक्त ते आधुनिक दिसते.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने समोर येतो. तेथील झोपडीला चौदा फुटांची मर्यादा आहे, म्हणजे तळमजला आणि वर फार तर एक मजला. प्रत्यक्षात तीन-तीन, चार-चार मजले उभे असतात. हे लोभाने होते असे म्हणणे सोपे आहे. मुलाचे लग्न होते, गावाहून भाऊ येतो, वरची खोली भाड्याने दिली तर घरखर्चाला हातभार लागतो. आणि आडवे पसरायला जागा नसते. मग चार इंची विटांच्या भिंतीवर लोखंडी गर्डर टाकून त्यांवर लादी बसवतात, बाहेरून शिडी लावतात आणि वर पत्रे घालतात. खालची भिंत कधीकाळी केवळ पत्र्यांचे ओझे पेलायला बांधलेली असते. पाया खोल खणलेला नसतो, कारण जे घर उद्या पाडले जाईल त्याच्या पायात पैसे पुरायला कोण धजेल? भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते, त्यामुळे एकाने चढवलेला मजला दुसऱ्याच्या उशाशी उभा राहतो. ९ जून २०२१ च्या रात्री मालाडच्या मालवणीत असेच एक घर शेजारच्या घरावर कोसळले. मेलेल्यांत आठ मुले होती.

येथे 'अनधिकृत' आणि 'असुरक्षित' यांचे खरे नाते दिसते, आणि ते वृत्तपत्रांना वाटते त्याच्या उलट आहे. चोरून करायचे काम घाईने होते. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. पूर्ण बळ यायला त्याहून अधिक काळ जातो. सुट्ट्या गाठून, रातोरात मजला चढवणाऱ्याकडे सात दिवस नसतात. एकदा छप्पर पडून आत चूल पेटली की पाडणे अवघड होते, हे त्यालाही ठाऊक असते आणि पाडायला येणाऱ्यालाही. अभियंत्याला विचारावे तर तो कागद मागतो. पालिकेला विचारावे तर ती हातोडा घेऊन येते. म्हणजे सल्ला मागणे हीच कबुली ठरते. जो विचारायला घाबरतो त्याचे घर पडते, आणि त्याने का विचारले नाही असे आपण नंतर विचारतो.

यावर शिळफाट्याच्या लकी कंपाउंडचे उदाहरण दिले जाईल. ४ एप्रिल २०१३ रोजी तेथील सात मजली इमारत कोसळून ७४ जण मेले. ती अनधिकृतही होती आणि असुरक्षितही. परंतु ती कुणा कुटुंबाने गरजेपोटी चढवलेली खोली नव्हती. विकण्यासाठी, काही आठवड्यांत, अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उभा केलेला तो धंदा होता. महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही त्यात अटक झाली. एका शब्दात दोन्ही कोंबल्यामुळे धंदेवाईक सुटतो आणि भाडेकरू गुन्हेगार दिसू लागतो. उलट २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि सोळा जण मेले, तिला नगरपालिकेची परवानगी होती. कागद जागेवर होते, खांब नव्हते.

माझे म्हणणे अतिक्रमणाला मान्यता द्यावी असे नाही. तो वाद वेगळा आहे आणि दर निवडणुकीला तो होतोच. म्हणणे एवढेच, की घराच्या मालकीविषयी निकाल लागेपर्यंत त्या घराच्या भिंतीविषयी गप्प बसण्याचे कारण नाही. लस टोचताना आपण मुलाच्या घराचा उतारा मागत नाही. तसाच प्रभागातला एखादा अभियंता, ज्याच्या वहीत काही लिहिले तरी त्यावरून नोटीस निघणार नाही, त्याने वस्तीत जाऊन ही भिंत वरचा मजला पेलणार नाही, येथे खांब द्या, हा गर्डर गंजला आहे, एवढे सांगायला काय हरकत आहे? त्याहून महत्त्वाचा माणूस गवंडी. ही घरे तोच बांधतो, आणि त्याला शिकवणारी शाळा जवळजवळ नाही. तो ओळंबा आणि थापी बापाकडून किंवा मुकादमाकडून शिकतो, त्यांच्या चुकांसकट. आम्ही मराठीचे मास्तर परिभाषा कोशांवर पोटतिडकीने वाद घालतो. पण चार इंची भिंतीवर किती ओझे चालते, हे त्याला समजेल अशा मराठीत सांगणारी पंधरा पानांची चित्रमय पुस्तिका सिमेंटच्या दुकानात, गोणीबरोबर मिळावी, अशी मागणी आमच्यापैकी कोणी केल्याचे मला आठवत नाही.