पहिलेपणाचा मोह

नवनिर्मिती म्हणजे कुणा एकाला अचानक सुचलेली, पूर्वी कधीच नसलेली कल्पना, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. उद्योगजगत तो मिरवते. आम्ही साहित्याचे अभ्यासकही त्यातून सुटलेलो नाही.

निर्णयसागरचेच उदाहरण घेऊ. जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ साली टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली छापखाना. त्याआधी मराठी मुद्रण नव्हते काय? गणपत कृष्णाजींचे पंचांग १८३१ सालीच छापून निघाले होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम देवनागरी टाइप सुधारत होते आणि जावजी तिथेच घडले. म्हणजे निर्णयसागरने छपाईचा शोध लावला नव्हता. जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या यांमुळे देवनागरीला शेकडो खिळे लागतात. ते सारे एका वळणाचे आणि सुबक दिसावेत म्हणून राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिराने एकेक अक्षर धातूवर कोरले. निर्णयसागरचे नवेपण या चिकाटीत होते. १८८६पासून निघालेली तिथली 'काव्यमाला' आम्ही आजही संदर्भासाठी उघडतो. संपादकांचे नाव नोंदवतो, आरूंचे नाही.

परीक्षेत 'पहिली मराठी कादंबरी कोणती?' हा प्रश्नही आम्हीच घालतो. 'यमुनापर्यटन', १८५७, एवढे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. तिथून हरिभाऊ आपट्यांपर्यंत कादंबरीचे गद्य कोणाकोणाच्या हातून घडत गेले, हे विचारायचे राहूनच जाते. तो प्रश्न तपासायला अवघड आहे, हे खरे. पण तो टाळण्याचे ते कारण होऊ शकत नाही.