मामा, वर्गणी कुणाला देऊ?

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. त्याचा फोन येतो तो आमच्या रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्याकडे शनिवारची रात्र असते आणि पोरं झोपलेली असतात. मध्यंतरी एका रविवारी हवापाण्याचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘मामा, तू बँकेत होतास म्हणून विचारतो. इथे बंदूकवाल्यांच्या पाच-सहा संघटना आहेत. एकीचा तरी सभासद व्हावं म्हणतोय. कुणाला वर्गणी देऊ?’’ मागून भाचेसुनेचा आवाज आला, ‘‘कुणालाच नको म्हणावं!’’

भाच्याकडे पिस्तूल आहे, हे मला ठाऊक होतं. २०२० साली, करोनाच्या दिवसांत, त्याच्या गल्लीतल्या बहुतेकांनी घेतलं तेव्हा यानेही घेतलं. टेक्सासमध्ये २०२१पासून सज्ञान माणसाला, कायद्याने मनाई नसेल तर, ते कमरेला लावून फिरायला परवानाही लागत नाही. आमच्या कोकणातल्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं भातात शिरत म्हणून ती मिळालेली. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची आणि निकालानंतर पुन्हा हेलपाटे घालायचे. बंदूक म्हणजे सरकारने दिलेली सवलत, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. तिकडे ती १७९१ साली राज्यघटनेत घातलेल्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क आहे, आणि हक्क म्हटला की त्याची राखण करणाऱ्या संघटना आल्याच.

मला स्वतःला बंदूक आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण भाच्याने बंदुकीबद्दल मत मागितलं नव्हतं. आपल्या नावाने आणि आपल्या पैशाने कुणाला बोलू द्यावं, असं तो विचारत होता. हा प्रश्न सहकारी पतसंस्थेच्या सभासदालाही पडायला हवा, तो पडत नाही ही गोष्ट वेगळी.

पहिलं नाव अर्थातच नॅशनल रायफल असोसिएशनचं. ही संघटना १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली, चर्च आणि विंगेट या दोन माजी सैनिकी अधिकाऱ्यांनी काढलेली. यादवी युद्धात आपल्या शिपायांना नेम धरता येत नाही हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून नेमबाजी शिकवायला ही संस्था. पुढे कितीतरी वर्षं ती शिकाऱ्यांची आणि नेमबाजांचीच राहिली. १९३४ साली पहिला मोठा केंद्रीय शस्त्रकायदा येत होता तेव्हा तिच्या अध्यक्षांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की, सरसकट पिस्तुलं बाळगून हिंडणं आपल्याला पसंत नाही. आज हे सांगितलं तर तिच्याच सभासदांना खरं वाटायचं नाही.

कारण १९७७ साली सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत सगळं फिरलं. जुने पदाधिकारी मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोला हलवून शिकार आणि निसर्गाकडे वळू पाहत होते. राजकीय लढाई हवी असलेल्या सभासदांनी रात्रभर सभा चालवली आणि पहाटेपर्यंत जुनी मंडळी घरी पाठवली. हार्लन कार्टर यांच्या हाती सूत्रं आली. सर्वसाधारण सभेला जाणं म्हणजे चहा-बिस्किटं खाऊन ‘मंजूर, मंजूर’ म्हणणं, असं मानणाऱ्या आपल्या मंडळींनी ही रात्र वाचण्यासारखी आहे.

आणि मग त्याच संघटनेचं पुढे काय झालं, हेही. वेन लापिएर १९९१पासून जानेवारी २०२४पर्यंत तिचे कर्तेधर्ते होते. न्यूयॉर्क राज्याने २०२०मध्ये दावा लावला. बेव्हर्ली हिल्समधले सूट, खासगी विमानं, बहामाच्या सहली, असं बरंच काही त्यात निघालं. मध्येच संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तो २०२१मध्ये फेटाळला गेला. फेब्रुवारी २०२४मध्ये ज्यूरीने लापिएर यांना दोषी धरलं आणि त्रेचाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम संघटनेला परत करायला सांगितलं. हा पैसा कुणाचा होता? पोराला घेऊन ससे मारायला जाणाऱ्या कुठल्यातरी सुताराचा, नळ दुरुस्त करणाऱ्याचा. तीस-बत्तीस वर्षं मी बँकेत दुसऱ्यांचा पैसा मोजला. अशा माणसांचा राग मला पिस्तुलापेक्षा जास्त येतो.

भाचेसुनेचं कारण निराळं. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्याच युवाल्डी गावच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तीन दिवसांनी ह्यूस्टनमध्ये या संघटनेचं वार्षिक अधिवेशन सुरू झालं. ठरलं होतं म्हणून झालं. भाचेसून थोरल्या मुलीचा हात धरून बाहेर निदर्शकांत उभी होती. शाळेत गोळीबार झाला तर बाकाखाली कसं लपायचं, याची कवायत ती मुलगी दरवर्षी करते. ‘‘आत गेलेल्या माणसांत आपला माणूस नव्हता, एवढंच मला पुरे होतं,’’ असं भाचेसून म्हणाली. भाचा त्यावर काही बोलला नाही.

मग इतर संघटना. ‘गन ओनर्स ऑफ अमेरिका’ सत्तरच्या दशकाच्या मध्याला निघाली. तडजोड नाही, हे तिचं ब्रीद. ब्रीद चांगलं, पण सगळ्या गोष्टींना नकार देणाऱ्या युनियन मी पाहिल्या आहेत आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्यांच्या सभासदांच्या हाती काय पडतं तेही. १९७४ साली निघालेलं ‘सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन’ मोर्चापेक्षा कोर्टावर भर देतं. शिकागोत सत्तरी ओलांडलेले ओटिस मॅकडॉनल्ड नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. त्यांच्या वस्तीत चोऱ्या फार, आणि शहरात पिस्तुलाला बंदी. त्यांच्या खटल्यामागे ही संस्था उभी राहिली आणि २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. तिला दिलेली देणगी करातून वजा होते, आपल्याकडे ८०-जीखाली होते तशी. रायफल असोसिएशनची वर्गणी होत नाही. ही बारीक गोष्ट भाच्याला ठाऊक नव्हती.

मी त्याला म्हटलं, करवजावट राहू दे. आपल्या सभासदासारख्या माणसावर गदा आली, तेव्हा संघटना काय बोलली ते बघ. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टील यांची गाडी पोलिसाने अडवली. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा हा माणूस, कृष्णवर्णीय. जवळ परवान्याचं पिस्तूल होतं आणि तसं त्यांनी पोलिसाला आपण होऊन सांगितलं. पोलिसाने गोळ्या झाडल्या. ते गेले. पुढच्या वर्षी पोलीस निर्दोष सुटला. कायदा पाळणाऱ्या शस्त्रधारकाचा हक्क म्हणतात तो हाच ना? पण सर्वांत मोठ्या संघटनेने तेव्हा त्यांचं नावही न घेता एक सावध निवेदन काढलं. कृष्णवर्णीय शस्त्रधारकांची वेगळी राष्ट्रीय संघटना २०१५पासून आहे, ती का लागली हे यातून कळतं. भाचाही गोरा नाही. रात्री गाडी अडवली गेली तर आपणही सावळेच, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे यातल्या एका प्रचारपत्रकावर त्याला गांधीजी भेटले! इंग्रजांनी अख्ख्या देशाची शस्त्रं काढून घेतली, हे ब्रिटिश राजवटीचं सर्वांत काळं कृत्य, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य तिथे छापलेलं. वाक्य त्यांचंच आहे. पण ते १९१८मधल्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं. महायुद्धात सरकारला मदत करा, म्हणजे १८७८चा तो शस्त्रकायदा रद्द होण्याची संधी येईल, असं ते गुजरातच्या शेतकऱ्यांना समजावत होते. घराघरात पिस्तूल हवं, हा त्यांचा मुद्दा नव्हता. ज्या संघटनेला गांधी अर्धेच छापावेसे वाटतात, ती वार्षिक अहवालही अर्धाच वाचून दाखवणार, असा मला संशय आहे.

फोन ठेवण्यापूर्वी मी दोनच कामं सांगितली. मत कुणाला आहे ते शोध. रायफल असोसिएशनमध्ये संचालकांच्या निवडणुकीत मत देता येतं ते आजीव सभासदांना, किंवा सलग पाच वर्षं वर्गणी भरलेल्यांना. बाकीच्यांचा सभासदपणा म्हणजे मासिक आणि टोपी. आणि दुसरं, अमेरिकेत अशा करमुक्त संस्थांना फॉर्म ९९० नावाचं विवरणपत्र दरवर्षी भरावं लागतं आणि ते कुणीही मागून पाहू शकतो. ते मागव. पदाधिकाऱ्यांचे पगार त्याच्या सातव्या भागात असतात, तिथून सुरुवात कर.

दीड महिना फोनवर हा विषय निघाला नाही. भाच्याने गावातल्या नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं आणि कपाटातल्या पिस्तुलासाठी लोखंडी तिजोरी घेतली, एवढं बहिणीकडून कळलं. गेल्या आठवड्यात मात्र त्याने दोन संघटनांची विवरणपत्रं पाठवली, छापून, खुणा करून पुन्हा स्कॅन केलेली. सातव्या भागात तीन आकड्यांभोवती लाल पेनाने गोल केले होते. अक्षर भाचेसुनेचं होतं. समासात तिने लिहिलं होतं : ‘मामा, हा माणूस आठवड्याला किती तास काम करतो ते बघा.’