एकाच मूर्तीपुढे

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. सुटीच्या दुपारी तेथे आलेली मुले सारी दालने तासाभरात पालथी घालतात आणि अभिमानाने सांगतात, “सगळे पाहिले!” सगळे पाहिले म्हणजे काहीच पाहिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून वडीलमाणसेही घाई करतात, हेही खरेच. लहानपणी मीही असाच धावलो. त्यातले आज आठवते ते इतकेच, की पायांखालची फरशी गार होती.

पुढे एका वैशाखात मी तेथे एकाच मूर्तीपुढे थांबलो. सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपातून आलेला, हाती कमळ घेतलेला तो भक्त सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचा, भाजलेल्या मातीचा. केसांच्या कुरळ्या बटा न्याहाळताना मनात आले, मातीच का? मग उमगले : सिंधू नदीच्या गाळाने बनलेल्या त्या सपाटीवर दगड दुर्मीळ, तेव्हा कारागिराने पायांखालच्या मातीलाच देवळात नेऊन बसविले. पहारेकऱ्याने दोनदा माझ्याकडे संशयाने पाहिले. बाकीची दालने त्या दिवशी राहूनच गेली.