हमी कोणाला, प्रीमियम कोणाचा?

अमेरिकेत घर घ्यायचं ठरलं की आपल्या मंडळींत पहिला प्रश्न ठरलेला: डाउन पेमेंट किती? त्यावर कुणीतरी हमखास सांगतं, "एफएचए घे, साडेतीन टक्क्यांत काम होतं. शिवाय सरकारची हमी आहे." सल्ला आपुलकीने दिलेला असतो, पण तो अर्धाच आहे आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत दरमहा मोजावी लागते. माझं स्पष्ट मत आहे की कर्जाची योजना निवडताना सगळ्यात आधी विचारावं ते हे: विम्याचा प्रीमियम कोणत्या वर्षी थांबेल?

आधी हमीचा अर्थ नीट समजून घेऊ. महामंदीत घरकर्जं बुडू लागली आणि बँकांनी हात आखडता घेतला. तेव्हा १९३४ च्या नॅशनल हाउसिंग अ‍ॅक्टने एफएचए, म्हणजे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, उभं राहिलं. कर्ज बुडालं तर लेंडरचं, म्हणजे कर्ज देणाऱ्याचं, नुकसान भरून देणं हे त्याचं काम. त्या भरवशावर लेंडर कमी डाउन पेमेंटवर लांब मुदतीचं कर्ज देऊ लागले आणि लाखो कुटुंबांना घरं मिळाली. ही योजना मोलाची आहे यात शंका नाही. पण हमी मिळते ती लेंडरला. हप्ते थकले तर घर आपलंच जातं आणि या विम्याचा प्रीमियमही आपल्याच खिशातून जात असतो. मग तो किती आणि कधीपर्यंत, हे विचारायला संकोच कसला?

चार लाख डॉलरचं घर घेऊन हिशेब मांडू. एफएचएत साडेतीन टक्के म्हणजे १४,००० डॉलर भरले, कर्ज राहिलं ३,८६,०००. त्यावर १.७५ टक्के सुरुवातीचा प्रीमियम, म्हणजे ६,७५५ डॉलर. बहुतेक जण तो कर्जातच मिळवतात आणि त्यावर व्याजही भरत राहतात. शिवाय ०.५५ टक्के वार्षिक प्रीमियम, म्हणजे सुरुवातीला महिन्याला साधारण १७५ डॉलर. डाउन पेमेंट दहा टक्क्यांहून कमी असेल तर हा प्रीमियम कर्ज फिटेपर्यंत सुटत नाही. दहा टक्के किंवा जास्त भरले तर ११ वर्षांनी सुटतो.

आता तेच घर कन्व्हेन्शनल कर्जावर घ्या, म्हणजे लेंडरांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे किंवा फ्रेडी मॅकच्या नियमांत बसणाऱ्या कर्जावर. पाच टक्के म्हणजे २०,००० डॉलर. सुरुवातीचा सरकारी प्रीमियम नाही. दरमहा पीएमआय, म्हणजे खासगी कर्जविमा, असतो आणि त्याचा दर मुख्यतः क्रेडिट स्कोअरवर ठरतो. १९९८ च्या कायद्यानुसार कर्ज घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की पीएमआय बंद करा असं आपण लेखी मागू शकतो, आणि हप्ते वेळेवर असतील तर ७८ टक्क्यांवर तो आपोआप बंद करावा लागतो. दोन्हींच्या डाउन पेमेंटमध्ये फरक ६,००० डॉलरचा, तर एफएचएचा सुरुवातीचा प्रीमियमच त्याहून मोठा! त्यातही पहिल्यांदा घर घेणाऱ्याला कन्व्हेन्शनल कर्ज तीन टक्क्यांवरही मिळू शकतं. म्हणजे 'सगळ्यात कमी पैशांत एफएचए' ही समजूतसुद्धा खरी नाही.

यावर उत्तर येतं, "पुढे रिफायनान्स करू." ज्यांनी २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास व्याजाने एफएचए कर्ज घेतलं, त्यांनाही असंच वाटलं होतं. २०२३ मध्ये दर सात टक्क्यांपलीकडे गेले. प्रीमियम टाळायचा तर स्वस्त कर्ज सोडावं लागणार, म्हणून ते भरत राहिले. मार्च २०२३ मध्ये वार्षिक प्रीमियम ०.८५ वरून ०.५५ टक्क्यांवर आला, तो नव्या कर्जांसाठी. जुन्यांना त्याचा लाभ नाही. पुढचे व्याजदर आपल्या हातात नसतात, म्हणून त्यांच्या आशेवर योजना निवडू नये.

मग एफएचए कुणी घ्यावं? ज्यांचा स्कोअर अजून उभा राहिलेला नाही त्यांनी. ५८० स्कोअरवर साडेतीन टक्क्यांत आणि ५०० पासून पुढे दहा टक्क्यांत तिथे दार उघडतं. शिवाय स्कोअर कमी म्हणून वार्षिक प्रीमियमचा दर वाढत नाही. आजारपणात कार्डं थकलेल्या किंवा नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेल्या कुटुंबाला हा खरा आधार आहे. एच-वन-बीवर असलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावं: २५ मे २०२५ पासून कायम रहिवासी नसलेल्यांना एफएचए कर्ज मिळत नाही. कन्व्हेन्शनल कर्जाचा मार्ग त्यांना खुला आहे.

आणखी दोन योजना आपल्याकडे चर्चेतच येत नाहीत. पहिली यूएसडीए, म्हणजे कृषी खात्याची. तिच्या कर्जाला डाउन पेमेंट शून्य. सुरुवातीला एक टक्का आणि वर्षाला ०.३५ टक्के शुल्क, तेही कर्जभर. उत्पन्नाची मर्यादा आहे आणि घर त्यांच्या नकाशातल्या ग्रामीण भागात हवं, पण मोठ्या शहरांपलीकडची कितीतरी लहान गावं त्यात बसतात. दुसरी व्हीए, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याची, १९४४ च्या जीआय बिलातून आलेली. सैन्यात सेवा केलेल्यांना शून्य डाउन पेमेंट आणि दरमहा विमा नाहीच. पहिल्या वेळी काही न भरता घेतलं तर २.१५ टक्के फंडिंग फी, आणि सेवेतल्या अपंगत्वाची भरपाई मिळत असेल तर तीही माफ. आपली काही मुलं आता सैन्यात आहेत. त्यांच्यासाठी याहून चांगली योजना सहसा सापडणार नाही, आणि हे त्यांना घरच्यांनीच सांगायला हवं.

हा सगळा फरक एका कागदावर दिसतो. अर्ज केल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत लेंडरला लोन एस्टिमेट द्यावंच लागतं. त्याच्या पहिल्या पानावर पुढच्या हप्त्यांचा तक्ता असतो. कन्व्हेन्शनलमध्ये, उदाहरणार्थ, 'वर्षं १ ते ७' आणि 'वर्षं ८ ते ३०' असे दोन रकाने दिसतील आणि दुसऱ्यात विम्याच्या जागी नुसती रेघ असेल. एकच रकाना १ ते ३० असेल आणि त्यात विम्याची रक्कम असेल, तर ती तुमच्यासोबत तीस वर्षं राहणार आहे. तिसऱ्या पानावर पाच वर्षांत एकूण किती भराल आणि त्यातलं मुद्दल किती फिटेल हेही छापलेलं असतं.

निदान दोन लेंडरांकडून, एकाच दिवशी, दोन्ही प्रकारच्या कर्जांचे कागद मागवा आणि शेजारी ठेवून वाचा. आणि आपल्यातल्या ज्यांनी घरं घेतली आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती: नवीन जोडप्याला सल्ला देताना आपण किती टक्के भरले एवढंच सांगू नका. आपला विमा कोणत्या वर्षी सुटला, की अजून सुटलेलाच नाही, हेही सांगा.