चौथा पट्टा

जबलपुरास तारविद्येचे शिक्षण नवखे नाही; 1942 साली येथे तारखात्याचे प्रशिक्षण केंद्र निघाले, 1947 साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आणि अशा शहरात गोहलपुरासारख्या कष्टकरी वस्तीतील दुरुस्तीच्या दुकानी हाताखाली शिकणाऱ्या पोरानेही काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन ही रेझिस्टरच्या रंगांची उजळणी बिनचूक म्हणून दाखवावी, ह्यात नवल ते काय? नवल ह्याचे, की तीन पट्टे धडाधड वाचणारा विद्यार्थी चौथ्यापाशी येताच ‘तो टॉलरन्सचा’ एवढे बोलून मोकळा होतो. हा कसूर त्याचा नव्हे, आमच्या अध्यापनाचा आहे.

पिवळा, जांभळा, तांबडा आणि रुपेरी, असे पट्टे घ्या. पिवळ्याचे चार, जांभळ्याचे सात, तांबड्याची दोन शून्ये, म्हणजे 4,700 ओहम. येथवर सर्वांचीच मजल जाते. रुपेरी पट्टा सांगतो, की कारखानदार दहा टक्के कमी-अधिकाची मुभा राखून ठेवीत आहे, म्हणजे 4,230 पासून 5,170 पर्यंत काहीही भरले तरी माल कराराप्रमाणेच आहे; सोनेरी असता तर ही मुभा पाच टक्क्यांवर आली असती. एवढे उमगले, की 5,000 ओहम मागणाऱ्यापुढे दुकानदार 4,700 किंवा 5,600 का ठेवतो, ह्याचाही उलगडा होतो. कारण 3,900 ची वरची हद्द 4,290 वर, 5,600 ची खालची 5,040 वर, अशा ह्या शेजाऱ्यांच्या शिवा एकमेकींत शिरलेल्या असून मध्ये पडीक जमीन मुळी उरतच नाही. अमेरिकेतील रेडिओ-उत्पादकांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रूढ केलेल्या आणि 1952 साली आंतरराष्ट्रीय मान्यता पावलेल्या ह्या रंगांच्या पद्धतीतील खरे शहाणपण मला येथे दिसते, रंगांचा क्रम लक्षात राहावा म्हणून शिकविल्या जाणाऱ्या, बी. बी. रॉय नामक कल्पित गृहस्थाच्या घोकीव वाक्यात नव्हे.

मल्टिमीटर स्वस्त झाला, आता रंग कशाला, असे म्हणणाऱ्यांची मला थोडी गंमत वाटते. सर्किटात जोडलेल्या रेझिस्टरला मीटर लावला, तर शेजारच्या वाटांनीही प्रवाह जातो आणि आकडा खरा असावा त्याहून कमी दिसतो. म्हणून जाणता कारागीर आधी एक पाय सोडवितो. मात्र बंद संचात, कपॅसिटर रिकामे केल्यावरही, आकडा वरच्या हद्दीपलीकडे गेलेला दिसला, तर पाय सोडविण्याचेही प्रयोजन नाही: शेजार आकडा घटवील, वाढविणार नाही, तेव्हा रेझिस्टर बिघडलाच समजावा. जुन्या रेडिओतील कार्बनचे रेझिस्टर वयोमानाने असेच चढत जातात. ती वरची हद्द कोणती, हे चौथ्या पट्ट्यावाचून कोण सांगणार?

म्हणून आयटीआयच्या परीक्षकांस माझी सूचना आहे, की रंगांवरून केवळ किंमत विचारण्याची वहिवाट सोडावी आणि मीटरचा आकडा कोणत्या दोन हद्दींत पडावयास हवा, हे उमेदवाराकडून लिहवून घ्यावे. म्हणजे रुपेरी पट्ट्याच्या 4,700 ओहमच्या रेझिस्टरवर 4,310 दिसले म्हणून चांगला माल केरात टाकण्याचा प्रकार तरी थांबेल.