कात्री म्हणू नका

बारावीच्या जीवशास्त्रात रेस्ट्रिक्शन एन्झाइमची ओळख 'रेणूंची कात्री' अशी करून देतात. डीएनए नावाची लांबलचक दोरी आणि ती नेमक्या जागी कापणारी कात्री. एका मार्काचं उत्तर, विषय संपला!

मंडळी, माझं मत असं की ही उपमा आता निवृत्त करावी. कापणं हे या एन्झाइमचं सगळ्यात शेवटचं काम. त्याआधी असतं ते शोधणं, आणि त्याहून अवघड म्हणजे न कापणं.

ई. कोलाय या बॅक्टेरियातलं ईको-आर-वन घ्या. त्याला हवी असतात सलग सहा अक्षरं: जी-ए-ए-टी-टी-सी. गंमत म्हणजे समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलं तरी तीच येतात, आपल्या 'चिमा काय कामाची'चं चुलत भावंडच म्हणा ना. एन्झाइमही दोन सारख्या अर्ध्यांची जोडी. प्रत्येक अर्धा एकेक धागा कापतो.

पण ही जागा सापडते कशी? भाषा चार अक्षरांची, शब्द सहा अक्षरांचा, म्हणजे सरासरी ४०९६ अक्षरांमागे तो एकदा येणार. एन्झाइमला डोळे नाहीत. ते डीएनएला कुठेतरी सैलसर चिकटतं, थोडं अंतर सरकत जातं, सुटतं, जवळपास पुन्हा चिकटतं. रेल्वेत आपला बर्थ शोधणारा माणूस डब्यातून आकडे वाचत चालतो, मधेच उतरून पुढच्या डब्यात चढतो, तसं. नुसतं पाण्यात भिरभिरत धडकण्यापेक्षा हे झटपट होतं. बर्ग, विंटर आणि फॉन हिपेल यांनी १९८१ मध्ये अशा शोधाचं गणित मांडलं.

या भटकंतीत तलवार म्यानात असते. बॅम-एच-वन या दुसऱ्या एन्झाइमची चुकीच्या जागी बसलेली रचना २००० साली पाहायला मिळाली, तेव्हा त्याचे कापणारे भाग डीएनएपासून लांबच दिसले. योग्य शब्द सापडला की मधलं पाणी निघून जातं, एन्झाइम घट्ट बिलगतं, आणि मग मॅग्नेशियमच्या मदतीने काप बसतो. ईको-आर-वनच्या शब्दातलं एक अक्षर जरी चुकलं, तरी कापण्याचा वेग लाखो पटींनी घसरू शकतो.

माझ्या बारावीतल्या भाचीने मध्यंतरी विचारलं, "मामा, ही कात्री बॅक्टेरियाच्या आतच असते ना? मग ती त्याचाच डीएनए का नाही कापत?" मला विचाराल तर हा अख्ख्या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न! बॅक्टेरियाच्या स्वतःच्या डीएनएवरही ती सहा अक्षरं असतातच. पण त्याच्याकडचं दुसरं एक एन्झाइम त्यातल्या एका 'ए'वर मिथाइलची टिकली लावून ठेवतं. टिकली असली की कापायचं नाही. घुसखोर विषाणूच्या डीएनएवर टिकली नसते, त्याचे तुकडे होतात. 'रेस्ट्रिक्शन' हे नावच मुळी विषाणूला होणाऱ्या या मज्जावावरून पडलं. वर्नर आर्बर यांनी १९६० च्या दशकात हे कोडं उलगडलं. पुढे हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांच्यासह त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

आता कोणी म्हणेल, एका शब्दाचा एवढा कीस कशाला? सांगतो. २०२३ मध्ये सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तिथलं एन्झाइम वेगळं, कॅस-नाइन. ते सोबतच्या आरएनएवरून जागा ओळखतं. पण त्यालाही सगळे कात्रीच म्हणतात. आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल अनेक घरांत आहे. उद्या तिथल्या एखाद्या आईवर अशा उपचाराच्या कागदावर सही करायची वेळ आली, तर तिने काय विचारावं? 'कापता येतं का?' हे नव्हे. 'नको तिथे कापणार नाही ना, आणि ते तुम्ही तपासलंत कसं?' हे. कात्री म्हटलं की हा प्रश्न सुचतच नाही. कात्रीला फक्त धार असते, पारख नसते.

मी आपला 'पहारेकरी' म्हणतो. गस्त घालतो, ओळख पटवतो, बहुतेकांना सोडून देतो, आणि क्वचितच हत्यार उपसतो. याहून चांगला शब्द कुणाला सुचला तर जरूर कळवा.